लाल नळाचं गार पाणी

कोकणच्या किनाऱ्यावर चार दिवस काढून आलेला पाहुणा आमच्याकडे उतरला की मला धडकी भरते. वेळासला त्याने ऐकलेलं असतं की कासवाची पिल्लं अंड्यातून निघाली की सगळ्यात उजळ दिशेला धाव घेतात, आणि ती दिशा समुद्राचीच राहावी म्हणून किनाऱ्याकडचे दिवे मालवायचे. मग तो आमच्या ओट्यावरचा दिवा मालवतो, पायरी चुकतो आणि कंबर चोळत विचारतो, "तुमच्याकडे पर्यावरणाचं काय?"

आमच्याकडे समुद्र नाही. नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याच्या अंगाला तापीकाठी आठ खोल्यांचं लॉज आहे, मागे केळी आहेत आणि बोअरच्या पाण्यात क्षार आहेत. तापी उकाईवरून पुढे सुरतेपाशी समुद्राला मिळते, त्यामुळे आमच्या मोरीचं पाणी कधी ना कधी किनाऱ्याला लागतं, एवढाच काय तो आमचा कोकणाशी भाऊबंदकीचा संबंध. तिकडच्या लॉजवाल्याचं खाऱ्या हवेने लोखंड गंजतं. आमचं लोखंड ठणठणीत असतं, पण तोट्या पांढऱ्या खपल्यांनी बुजतात. पर्यावरणस्नेही लॉज म्हणजे दारावर बांबूची पाटी, असं ज्याला वाटतं त्याने आयुष्यात वायसर बदललेला नसतो.

पहिला वाद शॉवरवरून. एकमजली इमारतीच्या गच्चीवरची टाकी शॉवरपासून फार तर तीन मीटर उंच. तेवढ्या दाबाला शॉवर पडत नाही, तो घामासारखा पाझरतो. पाणी वाचवणाऱ्या बारीक भोकांच्या शॉवरला दहाएक मीटरचा दाब हवा, म्हणजे पंप बसवायचा आणि पाण्यात वाचवलेलं विजेत घालवायचं. शिवाय दोन महिन्यांत क्षाराने भोकं बुजतात आणि उरलेल्या तीन भोकांतली धार माणूस सोडून भिंतीला आंघोळ घालते. शॉवरचं तोंड काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवलं की ते मोकळं होतं, पण आठ खोल्यांची तोंडं एका घमेल्यात भिजत घातली की सकाळी कुणाचं कुठलं ते कळत नाही. चांगल्या दाबाचा साधा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी ओततो. 20 लिटरची बादली मात्र 20 लिटरवर थांबते, कारण तिला काठ असतो.

आता गरम पाणी. बादलीभर अंगाला सोसेल असं पाणी हवं तर सोलरमधलं 60 अंशांचं नऊ लिटर आणि डिसेंबरातलं 20 अंशांचं अकरा लिटर, म्हणजे होतं 38 अंश. सोळा माणसांना दीडशे लिटरच्या आत भागतं. कागदावर. प्रत्यक्षात गच्चीवरून शेवटच्या खोलीपर्यंत वीस मीटर पाऊण इंची पाइप आहे आणि त्याच्या पोटात रात्रभर गारठलेलं सहा लिटर पाणी बसलेलं असतं. पाहुणा लाल नळ सोडतो, धारेखाली बोट धरतो आणि "अजून गारच येतंय" म्हणत ते सहा लिटर मोरीत जाऊ देतो. मग गरम आलं की बादली लावतो, कढत झालं की निळ्या नळाने पुन्हा अकरा लिटर गार ओततो! अहो, ते सहा लिटर त्या अकरातलेच होते. आधी बादली, मग लाल नळ, शेवटी लागेल तेवढा निळा, एवढ्या क्रमाने थेंबही वाया जात नाही. ही पाटी प्रत्येक न्हाणीघरात आहे. पाटीवर ओले लंगोट वाळत असतात.

पाइपाला काळ्या फोमचं आवरण घाला, असं सोलरवाला सांगतो. ते खरंच आहे. पण नुसता फोम आमच्या उन्हात भुसभुशीत होतो आणि खारी तो कुरतडून घरट्याला नेतात. वरून ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लागतेच. आणखी दोन गोष्टी सोलरवाला सांगायला विसरतो. बंद हंगामात सोलरच्या काचेच्या नळ्या कोरड्या तापल्या असतील तर भरदुपारी त्यांत पाणी सोडायचं नाही, काच तडकते. सूर्य उगवण्याआधी किंवा मावळल्यावर भरायचं. आणि सोलरच्या टाकीच्या डोक्यावरची हवेची नळी उघडी आहे ना, ते बघायचं. गांधीलमाशीने तिच्यात घर केलं आणि खालून पाणी ओढलं गेलं तर आतली टाकी दाबलेल्या पत्र्याच्या डब्यासारखी चेपते.

दत्तजयंतीच्या यात्रेला खरी परीक्षा. घोडेबाजार भरलेला, थंडी कडक, पहाटे साडेचारला पहिला गडी उठतो आणि मंडळी उठेपर्यंत पाणी संपेल या भीतीने तीन बादल्या भरून ठेवतो. मंडळी उठेपर्यंत त्या गार होतात. तो त्या ओततो आणि नव्या भरतो. दोन किलोवॅटचं कॉइल मदतीला आहे, पण 300 लिटर पाणी 25 अंशांनी चढवायला जवळजवळ नऊ युनिट आणि साडेचार तास लागतात. ते टायमरवर मध्यरात्रीनंतरच चालावं. रखवालदाराने रात्री नऊलाच बटण दाबलं की पाणी अकरापर्यंत बऱ्यापैकी तापतं, पत्त्यांचा डाव मोडून उठलेली मंडळी ते हातपाय धुण्यात संपवतात, आणि पहाटेपर्यंत कॉइल पुन्हा पहिल्यापासून राबतं.

उन्हाळ्यात संवादाची सुरुवातच "भाऊ, आठे एसी शे का?" म्हणजे इथे एसी आहे का, अशी होते. आहे, दोन खोल्यांत आहे. पण पारा 44 वर आणि हवा पापडासारखी कोरडी, असं असताना कुलरइतकं शहाणं यंत्र नाही. दीड टनी एसी दीड हजार वॅट खातो, कुलर दोनशे. फक्त कुलरला समोरच्या भिंतीतली खिडकी अर्धी उघडी लागते, कारण आत ढकललेल्या ओल्या हवेला बाहेर जायला वाट हवी. पाहुणा मात्र एसीच्या सवयीने दारं-खिडक्या लावतो, पडदे ओढतो, फटीत टॉवेल कोंबतो आणि तासाभराने घामाने थबथबून बाहेर येतो, "कुलर खराब आहे." खिडकी उघडली की कुलर दुरुस्त होतो. या दुरुस्तीचे पैसे मी घेत नाही.

कुलरही काही संत नव्हे. तो तासाला आठ-दहा लिटर पाणी सहज पितो, आणि पाणी उडतं तसे क्षार तळाशी साठत जातात. आठवड्यातून दोनदा तळ रिकामा केला नाही तर वाळ्याच्या ताट्या सिमेंटच्या होतात. तळाचं ते पाणी झाडांना घालायचं नाही. अंगण धुवायला चालतं. बाकी गच्चीला दरवर्षी मार्चात पांढरा चुना लावतो: चुना रात्रभर भिजवायचा, गाळायचा, चिकटपणाला थोडा फेव्हिकॉल घालायचा, दोन हात मारायचे. खाली खोलीत फरक अंगाला जाणवतो. लॉजवाला चुना लावतो हे ऐकून पाहुणे हसतात, ते मी सोसतो.

चावीचं कार्ड भिंतीवरच्या खाचेतून काढलं की दिवे बंद होण्याची सोयही करून पाहिली. त्या खाचेला कार्ड आणि कार्ड यांतला भेद कळत नाही. लोक पॅनकार्ड खोचून पंखा चालू ठेवून शेवभाजी खायला जातात, आणि दुसऱ्या दिवशी शिरपूरहून फोन येतो, "कार्ड तुमच्याकडेच राहिलं का?" राहिलंय. पंखाही चालूच आहे.

संडासातल्या फ्लशच्या टाकीचं त्या मानाने सोपं. वाळू भरलेली लिटरची बाटली आत उभी केली की दर वेळी लिटरभर वाचतं. वीट ठेवू नका, तिचा भुगा होऊन झडपेत अडकतो. गळती पाहायची तर टाकीत खाण्याचा रंग टाकून वीस मिनिटं थांबायचं. भांड्यात रंग उतरला की रबर गेलं. ही परीक्षा खोली रिकामी असतानाच घ्यावी. लाल रंग घातलेला आहे हे पाहुण्याला माहीत नसेल तर तो थेट शहाद्याच्या दवाखान्याची वाट विचारतो.

न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी केळीला जातं. हाताभराहून खोल आणि दोन मीटर रुंद खड्डा, त्यात फांद्या, पाचोळा, कपाशीच्या काड्या, काठावर चार-पाच केळीची पिलं. केळ हे पाण्याच्या बाबतीत लग्नघरासारखं आहे, कितीही आलं तरी जिरवतं. नडते ती शेवभाजी. तिच्या तर्रीचा तवंग खड्ड्यात गेला की माती तेलकट होते, पाणी जिरेनासं होतं, वास सुटतो. म्हणून मध्ये तेल अडवणारी टाकी हवी: पाणी तळाकडून निघावं, तेल वर तरंगत राहावं, आणि आठवड्याला ते कुणीतरी काढावं. "कुणीतरी" हा आमच्या पर्यावरणाचा सगळ्यात कच्चा दुवा. आणि घाण पाणी पिंपात साठवून दुसऱ्या दिवशी झाडांना घालू म्हणाल तर ते रात्रीतच सडतं. आजचं आज जिरलं पाहिजे. फिनेल आणि ब्लीचचं पाणी मात्र वेगळं काढायचं, नाहीतर खड्ड्यातला पाचोळा कुजवणारे जंतूच मरतात.

राहिला मे महिना. गच्चीवरची काळी टाकी दिवसभर तापते आणि दुपारी निळ्या नळाला चटके बसतील असं पाणी येतं. आता गंमत बघा. सोलरची टाकी चहूबाजूंनी वेष्टलेली. ती जसं उष्ण पाणी उष्ण ठेवते तसं गार पाणी गारही ठेवते. तेव्हा संध्याकाळी तिच्यातलं गरम पाणी चादरी धुवायला काढायचं, काचेच्या नळ्यांवर जाड गोणपाट बांधायचं, आणि पहाटे तीनला बोअरचं पाणी चढवून भरायचं. पहिला दिवस वाया जातो, नळ्यांच्या दुहेरी काचेतल्या निर्वात पोकळीमुळे आतलं पाणी लवकर निवत नाही. मग मात्र लाल नळाला गार पाणी येतं. सगळं नाही, जेवढं ओढाल तेवढं काळ्या टाकीतलं तापलेलं आत शिरतं, त्यामुळे पहिल्या पाच-सहा बादल्याच सुखाच्या.

पाहुण्यांचा गोंधळ नको म्हणून एप्रिलअखेर नळांवरचे लाल-निळे ठिपके मी नेलपॉलिशने अदलाबदल करतो आणि पाऊस लागला की पुसून पुन्हा पहिल्यासारखे करतो. एखाद-दुसऱ्या खोलीत पुसायचं राहतं. त्या खोलीतला पाहुणा मग दोन्ही नळ सोडून, बादलीत हात घालून, पाण्याचं काय ठरतंय याची वाट बघत पाटावर बसलेला असतो.