कर्ज फेडायचा संकल्प करताय? मग आधी थोडे पैसे उसने घ्या

भाऊ, यंदा कर्जातून सुटायचंच असं मनावर घेतलं असेल तर मुहूर्त पाडव्याचाच धरा. एकतर पाडवा अन 31 मार्च मागेपुढेच येतात, अन तोवर कापूस विकून पैसा संपलेला असतो, त्यामुळे संकल्प सोडून दुसरं काही करताच येत नाही.

संकल्प पानठेल्यावर करा, खर्रा घोटून होईपर्यंत गावभर होतो. खर्र्याचे पैसे खात्यावर लिहायला सांगा, ते कर्जात धरत नसतात. कृषी केंद्राची उधारीही धरू नका, तो माणूस घरचाच, बियाणं-खत देताना म्हणतो "पैशाचं काहून टेन्शन घेता भाऊ", बिलावर भाव काय लावला ते सोयाबीन निघाल्यावर समजतं. बचत गटाचं कर्ज बायकोच्या नावावर आहे म्हणजे तुमचं नाहीच. फायनान्सचा पोट्टा हप्ता मागायला आला की वावरात निघून जा.

उरलं पीक कर्ज. हे मात्र फेडायचं. वेळेत भरलं तर 3 लाखांपर्यंत व्याज शून्य, केंद्राची सवलत अन वरून राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना. शून्य टक्के, बाप्पा! आता हे शून्य मिळवायला आधी मुद्दल भरावं लागतं अन ते आपल्याजवळ नाही, म्हणून गावातल्या "त्या" भाऊकडे जायचं (सावकार म्हणू नका, लायसन कुठे आहे त्याच्याकडे). लायसनवाल्याला शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाचे 9 टक्केच घेता येतात, हा महिन्याचे शेकडा 5 घेतो म्हणजे वर्षाचे 60 झाले, पण तुम्ही वर्षाचा हिशेब करताच कायले, आपल्याला तर आठच दिवस पाहिजेत. तो महिना पुरा धरतो ही गोष्ट वेगळी.

तर लाख रुपये उचला, बँकेत भरा, खात्यावर बाकी शून्य दिसली की फोटो काढून स्टेटसला ठेवा. झाले ना कर्जमुक्त! तीन-चार दिवसांत नवीन कर्ज मंजूर होतं, ते काढून त्याचे लाख अन वरचे पाच हजार देऊन टाका. याला आपल्याकडे नवं-जुनं म्हणतात. कर्ज होतं तेवढंच राहतं, फक्त तारीख बदलते.

अन खरंच घरचे पैसे टाकून फेडायचा विचार असेल तर जरा दमानं घ्या. 2017 ला थकीतवाल्यांचे दीड लाखापर्यंत माफ झाले, 2019 ला दोन लाखांपर्यंत, अन आमच्यासारख्या वेळेत भरणाऱ्यांना प्रोत्साहन. तेव्हापासून आमच्या घरी मला शहाणा म्हणणं बंद झालं.

बायको विचारेल पाच हजार कुठे गेले, तर सांगा संकल्पाला लागले. अन त्या भाऊजवळ पुढच्या मार्चचं आताच बोलून ठेवा, मार्च एंडला त्याच्याकडे बँकेपेक्षा जास्त लाईन असते.