‘गच्चीतल्या जुगाडाने पोरांचे डोळे घालवाल’ या प्रतिक्रियेला उत्तर

सर, छोट्या दुर्बिणीच्या तोंडाला पुठ्ठ्याच्या कड्यात बसवलेली, प्रकाश अडवणारी फिल्म लावून गच्चीतून सूर्य बघण्यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. तक्रारी तीन: हा जुगाड डोळ्यांवर बेतेल, हायड्रोजन-अल्फा (हायड्रोजनचा ठरावीक लाल प्रकाशच दाखवणारी) दुर्बीण नसेल तर सूर्यावर बघण्यासारखं काही नाही, त्यात ठाण्याची हवा, आणि माझ्या फोटोतली फिल्म सुरकुतलेली आहे.

पहिल्या तक्रारीत माझी एक चूक तुम्ही बरोबर पकडलीत. वेल्डिंगच्या काचेचा नंबर मी दिलाच नव्हता. 14 नंबरची हवी, तीही नुसत्या डोळ्यांसाठी. दुर्बिणीला ती लावायचीच नाही. लेखात दुरुस्ती केली आहे. पण जुगाड आहे तो फक्त पुठ्ठ्याच्या कड्याचा. फिल्म बाडर कंपनीची, 5.0 घनतेची, म्हणजे लाखातला एक भाग प्रकाश सोडणारी, आणि ती दुर्बिणीच्या नळीच्या पुढच्या तोंडाशी बसते. 3.8 वाली निव्वळ फोटोसाठी, तिच्यातून डोळ्याने बघायचं नाही. आयपीसमध्ये (डोळा लावायच्या भिंगात) फिरवून बसवायचा काळा फिल्टर तापून तडकतो. माझ्याकडचा मी हातोडीने फोडला, कुणाला द्यायची छाती झाली नाही. फाइंडरवर (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीवर) टोपण हवंच. ही अक्कल शर्टाची बाही करपल्यावर आली, आणि बायको तो शर्ट अजून पाहुण्यांना दाखवते. सूर्य शोधायला फाइंडर लागतही नाही. नळीची सावली आखडून सगळ्यात लहान झाली की सूर्य आत आलाच.

दुसरी तक्रार मात्र पटली नाही. माझ्या 70 मिमीच्या दुर्बिणीतून या फिल्मने तेजशिखा (सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळा) दिसणार नाहीत, कबूल. पण पृथ्वीएवढा डाग आरामात दिसतो, काळ्या गाभ्याभोवतीच्या करड्या झालरीसकट. आज कडेला असलेला डाग आठवड्याभरात मधोमध येतो. मुलगी रोज वहीत वर्तुळ काढून ठिपके मांडते, सूर्य स्वतःभोवती फिरतो हे तिला मी सांगावं लागलं नाही. मे 2024 मधला 3664 क्रमांकाचा डागांचा गट तर ग्रहणाच्या चष्म्यातूनही दिसत होता.

ठाण्याचं म्हणाल, तर दीर्घिका बघायला अंधाऱ्या आकाशासाठी वांगणी गाठावी लागते, सूर्याला शहरातल्या दिव्यांचं काय? खरा वैरी गच्चीचा स्लॅब. दहानंतर तो तापला की सूर्याची कड उतू जाणाऱ्या दुधासारखी हलते. म्हणून पारसिकच्या डोंगरावर सूर्य थोडा वर आला की आठ-नऊच्या आत उरकायचं. मोबाइल आयपीसला धरून वीस-तीस सेकंदांचा व्हिडिओ घ्यायचा. ऑटोस्टॅकर्ट नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते त्यातल्या चांगल्या फ्रेम निवडून एकावर एक रचतं.

आणि सुरकुत्या? ती फिल्म सैलच ठेवायची असते. ढोलकीसारखी ताणली तर प्रतिमा बिघडते. बघायची ती भोकं. दर वेळी बल्बसमोर धरतो. टाचणीएवढं भोक दिसलं तर फिल्म कचऱ्यात.