पाल यांच्या दगडाशी फोटो काढून झाला असेल, तर आता आत चला

दुपारपासून डोकं फिरलंय. शांत झाल्यावर लिहिलं तर गुळगुळीत होईल, म्हणून आत्ताच लिहिते.

सांगलीहून नवऱ्याचे मावसभाऊ आणि वहिनी आलेत. दादांनी निघायच्या आधीच सांगून ठेवलं होतं, यासुकुनीला, म्हणजे इथल्या टोकियोतल्या युद्धमृतांच्या देवळात, जायचंच, आणि जपानी नेत्यांवरच्या टोकियो खटल्यातले आपले न्यायाधीश, न्यायमूर्ती पाल, यांचं स्मारक बघायचंच. आमच्या निशी-कासाईहून तोझाई लाइनने थेट कुदानशिता, कुठे गाडीसुद्धा बदलावी लागत नाही. तरी इतकी वर्षं मी तिकडे फिरकले नव्हते. मुद्दामच.

तर गेलो. राधाबिनोद पाल यांचा फोटो लावलेला तो दगड देवळाच्या आवारातल्या युशुकान या युद्धसंग्रहालयाच्या बाहेरच आहे, २००५ साली उभारलेला. त्यांच्या निकालपत्राचा शेवट त्यावर कोरलाय. तिथे आधीच दोन-तीन भारतीय कुटुंबं रांगेत. फोटो झाले, एकट्याचे, जोडीचे, हात जोडून, पुन्हा चष्मा काढून. मग तळमजल्यावरच्या लॉबीत गेलो, तिथवर तिकीट लागत नाही. महायुद्धातल्या झिरो लढाऊ विमानासमोर फोटो, काळ्या रेल्वे इंजिनासमोर फोटो. "काय जपलंय बघ, आपल्याकडे गंजून गेलं असतं," दादा म्हणाले. मग ते दोघं तिथल्या कॅफेत नौदलाची करी खायला बसले आणि मी तिकीट काढून एकटीच वर गेले.

बाहेर येऊन फोन उघडते तर घरच्या ग्रुपवर दादांचा फोटो, आणि खाली "जपान ज्यांना देव मानतो ते आपले पाल! शाळेत आपल्याला हे शिकवलंच नाही!" त्याखाली झेंडे, नमस्कार, टाळ्या. मेट्रोत मी एक अक्षर बोलले नाही. दादा पाहुणे आहेत. पण तुम्ही सगळे माझे आहात, तुम्हाला सांगते.

ज्या इंजिनासमोर फोटो काढला ते सी ५६ जातीचं, ३१ नंबरचं. थायलंड-ब्रह्मदेश रेल्वे सुरू झाली तेव्हा धावलेलं. ४१५ किलोमीटरचा मार्ग, डोंगर, जंगल, पावसाळा, आणि साधारण वर्षभरात, १९४२-४३ मध्ये, पुरा केलेला. दोस्त राष्ट्रांचे बारा हजारांहून जास्त युद्धकैदी त्यात मेले. आणि आशियाई मजूर किती? त्यांचा नीट हिशोबच कुणी ठेवला नाही, पण कैद्यांच्या कितीतरी पट. त्यात मलायातल्या रबराच्या मळ्यांवरचे तमिळ मजूर होते. आपली माणसं. कॉलऱ्याने, उपासमारीने, मार खाऊन मेलेली. इंजिनाशेजारच्या माहितीत त्यांच्याबद्दल एक शब्दही मला दिसला नाही. इंजिन मात्र आरशासारखं पुसलेलं.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आप्पामामांची गोष्ट.

आप्पामामा म्हणजे बाबांचे मामा. बेळगावला भरती होऊन चौथ्या मराठा पलटणीत गेले. मार्च १९४४ मध्ये मणिपुरात सांगशाकच्या टेकडीवर पॅराशूट ब्रिगेडबरोबर ही पलटण होती, जपानी फौज अंगावर आली तेव्हा. त्या लढाईबद्दल मामा फारसं बोलत नसत. बोलायचे ते नंतरच्या पावसाळ्याबद्दल, जपानी माघारी निघाले तेव्हाचं. उखरुलच्या वाटेवर चिखलात एक जपानी पोरगा बसलेला. बंदूक नाही, पायात काही नाही, अंगावर नुसती कातडी. मामांनी त्याला आपली पाण्याची बाटली दिली आणि बिस्किटाचा तुकडा दिला. पाणी कसंबसं प्यायला. बिस्कीट त्याला गिळवेना. आणि बाटली त्याने दोन्ही हातांनी परत दिली, मान झुकवून. बस, एवढंच. संध्याकाळी मामा परत त्या वाटेने आले तेव्हा तो गेलेला होता.

मामा दर सर्वपित्रीला त्याच्या नावाचा भात काढून ठेवायचे. नाव माहीत नाही, म्हणून "तो जपानी". मामी चिडायची, शत्रूला कसलं पान वाढता म्हणून. मामा ऐकायचे नाहीत. मी हे लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. आणि टोकियोत आल्यावर पहिल्यांदा दुकानातल्या मुलीने सुटे पैसे दोन्ही हातांनी दिले, तेव्हा मी काउंटरवरच रडले होते. नवऱ्याला कळेना काय झालं.

म्हणून मला कुणी जपानद्वेष्टी म्हणू नका. माझी मुलं इथल्या शाळेत जातात. युशुकानच्या वरच्या दालनांत मी गेले ती त्या पोराला शोधायलाच गेले असं समजा. शेवटी शेवटी नुसते फोटो आहेत, भिंती भरून, हजारो, प्रत्येकाखाली नाव. अठरा, एकोणीस, वीस वर्षांची पोरं. तिथे फोटो काढायला मनाई आहे, आणि बरंच आहे. एका ठिकाणी काचेत बाहुल्या ठेवल्यात, नवरीच्या वेषात. लग्न न होता मेलेल्या मुलांसाठी त्यांच्या आयांनी वाहिलेल्या. डोक्यावर नवरीचं पांढरं आच्छादन, इवलेसे हात, बारीक लाल ओठ. माझ्या शेजारी एक जपानी आजी काचेला नाक लावून बघत होती. आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता उभ्या होतो. तिथे मला कसलाच राग आला नाही. त्या आयांनी काय करायला हवं होतं, सांगा ना.

राग आला तो मोठ्या हॉलमध्ये. तिथे फोटो काढायला परवानगी आहे. कारण तिथे यंत्रं आहेत. काइतेन पाणतीर (टॉर्पेडो) आहे, लांबलचक काळा, ज्याच्या पोटात एक जिवंत मुलगा बसवून तो जहाजावर सोडायचे. ओका विमानाची प्रतिकृती छताला टांगलेली, बॉम्बर विमानातून सुटलं की परतीचा रस्ताच नाही. या सगळ्यावर लिहिलंय काय? धैर्य, त्याग, देशासाठी. ही यंत्रं कागदावर आखणाऱ्याची, त्यावर सही करणाऱ्याची, युद्ध हातातून गेलंय हे माहीत असताना पोरांना आत बसायला सांगणाऱ्याची जबाबदारी कुठल्या भिंतीवर आहे? मी फिरून फिरून शोधली.

इम्फाळचंच घ्या. १९४४ मध्ये जपानी जनरल मुतागुचीने जेमतेम तीन आठवड्यांची शिदोरी देऊन फौज डोंगरात घातली. बरोबर गुरं हाकलत नेली, वाटेत खायला. इम्फाळ महिन्याभरात पडेल हा हिशोब. पडलं नाही. कोहिमाकडे गेलेल्या डिव्हिजनचा सेनापती सातो दाणागोटा मागून मागून थकला आणि शेवटी हुकूम मोडून माघारी फिरला. त्यालाच पदावरून काढलं. सुमारे तीस हजार जपानी त्या मोहिमेत मेले, त्यातले कितीतरी भुकेने आणि रोगाने. मामांच्या बाटलीतून पाणी प्यायलेला त्यांतलाच एक. त्याला मराठ्यांनी मारलं नाही, इंग्रजांनी मारलं नाही. त्याला त्याच्या जनरलने उपाशी मारलं. आणि मुतागुची १९६६ पर्यंत जगला. त्या पोराची कुणाला खरंच चाड असेल तर हे त्याच्या फोटोशेजारी लिहा! मग मी स्वतः येऊन तिथे नमस्कार करेन.

ते लिहिलं जाणार नाही, कारण शेजारच्याच यासुकुनी देवळात १९७८ मध्ये अ वर्गाच्या, म्हणजे युद्ध घडवून आणल्याचा आरोप असलेल्या, १४ युद्धगुन्हेगारांनाही गुपचूप देव म्हणून बसवलंय. हुकूम देणारे आणि हुकमाने मेलेले एकाच पंगतीत. सम्राट हिरोहितो १९७५ नंतर तिथे गेले नाहीत, आणि त्यांच्यानंतरचा एकही सम्राट गेलेला नाही. जपानच्या सम्राटाला जे खटकतं ते आपल्या सांगलीकरांना खटकत नाही.

त्या चौदांत एक मात्सुई आहे, १९३७ मध्ये चीनचं नानकिंग शहर घेणारा सेनापती. युशुकानमधला नानकिंगचा फलक वाचा. सेनापतीने नकाशे वाटले, शिस्त पाळायला सांगितलं, साध्या कपड्यांत लपलेल्या चिनी सैनिकांवर कठोर कारवाई झाली. संपलं. दोन लाखांवर माणसं मारली गेली असं टोकियोच्याच न्यायाधिकरणाने म्हटलं होतं. आकड्यावर भांडा हवं तर, पण बायका-पोरांचा उल्लेखसुद्धा नको?

आणि आपल्याला हे कुणी परक्याने सांगायची गरजच नाही. सोलापूरचा द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली कुठे आणि कशासाठी गेला होता? चीनला, याच युद्धात, याच फौजेने जखमी केलेल्या माणसांवर उपचार करायला. पाच डॉक्टर गेले, त्यांत नागपूरचे चोळकरही होते, चांगले वयस्क. कोटणीस परत आलाच नाही, १९४२ च्या डिसेंबरात तिकडेच गेला, वय बत्तीस. सोलापुरात त्याचं घर आपण स्मारक म्हणून जपतो. मग त्याचं कौतुक करणाऱ्यांनी युशुकानच्या दारात हात जोडायचे? दोन्ही कसं जमतं तुम्हाला?

पाल यांच्याबद्दल. हो, अकरा न्यायाधीशांत ते एकटेच होते ज्यांनी सगळ्या आरोपींना सगळ्या आरोपांतून मोकळं केलं. हो, कायदा गुन्ह्यानंतर केलेला होता, जिंकलेलेच न्यायाधीश होते, हिरोशिमासाठी कुणावर खटला नव्हता, आणि खटला चालू असताना डच फौज इंडोनेशियात तेच करत होती. मान्य. पण त्याच निकालपत्रात पाल यांनी लिहिलंय की जपानी सैन्याने नागरिकांवर आणि युद्धकैद्यांवर अत्याचार केल्याचा पुरावा प्रचंड आहे. नानकिंगमधलं वर्तन निर्घृण होतं, यात शंका नाही, असंही लिहिलंय. त्यांनी नेत्यांना कटाच्या आरोपातून सोडलं, सैन्याला सोवळं ठरवलं नाही. ते वाक्य त्या दगडावर नाही. कोरणाऱ्यांना ते नको होतं. आणि आपल्याला वाचायचं नव्हतं, आपल्याला फोटो हवा होता.

नेताजींचं म्हणाल तर तेही मान्य. जपानने मदत केली, आझाद हिंदच्या सैनिकांनी इम्फाळच्या त्याच चिखलात जीव दिले. मामांना त्यांच्याबद्दल कधी वाईट बोलताना ऐकलं नाही, समोरासमोर होते तरी. आणि इंग्रज काय धुतल्या तांदळाचे नव्हते, बंगालच्या दुष्काळाचा जाब त्यांनी अजून दिलेला नाही.

आता थोडी निवळलेय. दादा मघाशी चहा घेताना म्हणाले, "तू वर गेलीस, काय होतं गं?" मी त्यांना बाहुल्यांचं सांगितलं, आणि मग आप्पामामांचं. वहिनींचे डोळे भरले. दादा बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "हे लिहायला पाहिजे कुठेतरी." माणसं वाईट नाहीत हो. फॉरवर्ड येतो, छाती फुगते, पुढे ढकलतात. उद्या त्यांना घेऊन चिदोरिगाफुचीला जाणार आहे, यासुकुनीपासून चालत अगदी जवळ. नावं न कळलेल्या साडेतीन लाखांहून जास्त युद्धमृतांच्या अस्थी तिथे ठेवल्यात. विमान नाही, इंजिन नाही, करी नाही. पर्यटकही फारसे नसतात. मामांच्या त्या पोराला नमस्कार करायचा तर मला तिथे जास्त बरं वाटेल.

आणि एक काम तुमच्यासाठी. आपल्यातले निम्मे लोक अंदमानला जाऊन आलेत, उरलेले दिवाळीत जातील. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीसमोर उभं राहून डोळे पुसता ना? युद्धात अंदमान जपानच्या ताब्यात होतं, आणि त्याच तुरुंगात जानेवारी १९४४ मध्ये तिथले डॉक्टर आणि पंजाबी कवी दिवाण सिंग यांना जपान्यांनी हाल करून मारलं. नेताजी अंदमानात तिरंगा फडकवून गेले त्याला जेमतेम महिना झाला, तेव्हा ३० जानेवारीला हंफ्रीगंजला ४४ भारतीयांना हेर ठरवून गोळ्या घातल्या. ते स्वातंत्र्यासाठीच काम करणारे लोक होते. तिथे त्यांचं स्मारक आहे. टूरवाल्यांच्या यादीत ते बहुतेक नसतं. पुढच्या वेळी गाडीवाल्याला सांगा, हॅवलॉकची बोट पकडायच्या आधी हंफ्रीगंजला घ्या म्हणून. आणि तिथला फोटो ग्रुपवर टाका.