सरदाराचा ‘पहिल्या रात्रीचा हक्क’ कुठल्या कायद्यात होता?

परवा भाचीने फोन पुढे केला. “मावशी, हे खरं का गं?” मैत्रिणींच्या ग्रुपवर फिरत आलेला मेसेज. म्हणे मध्ययुगीन युरोपावरच्या रोमान्स कादंबऱ्यांत बायकांचं जिणं दाखवतात ते शंभर टक्के खरं. सरदाराला गावातल्या प्रत्येक नवरीच्या पहिल्या रात्रीचा कायदेशीर हक्क होता. लढाईला जाताना नवरा बायकोला लोखंडी पट्टा घालून कुलूप लावायचा. पोरींची लग्नं बाराव्या वर्षी व्हायची. आणि बाईला खिडकीत बसून वाट बघण्यापलीकडे काम नव्हतं.

डोकं फिरलं ते भाचीच्या पुढच्या वाक्याने. “मग माझ्या पुस्तकातला सरदार चांगलाच म्हणायचा ना, त्याने हक्क सोडला.” एकोणीस वर्षांची मुलगी! बलात्कार केला नाही म्हणून तिला नायकाचं कौतुक वाटतंय.

असा कायदा नव्हता. आलँ बूरो या फ्रेंच इतिहासकाराने याच एका विषयासाठी जुने कागद धुंडाळले आणि १९९५ साली पुस्तक काढलं. हा हक्क कुणी खरोखर बजावत होतं, याला त्यांना विश्वासार्ह पुरावा सापडला नाही. इंग्लंडात होती ती वसुली. जमिनीला बांधलेल्या कुळाला मुलीचं लग्न करायचं तर मालकाकडे पैसे भरावे लागत. मालकांनी गरीब बायकांवर हात टाकले नसतील असं मी अजिबात म्हणत नाही. पण गुन्ह्याला हक्क म्हटलं की गुन्हेगार उदार दिसायला लागतो, आणि भाचीचं नेमकं तेच झालं.

पट्ट्यावर वेळ घालवत नाही. १४०५च्या सुमाराच्या एका जर्मन हस्तलिखितात त्याचं चित्र आहे खरं, पण संग्रहालयांतले बरेच पट्टे अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले निघाले. लोखंड दिवसरात्र अंगाला घासलं तर जखम चिघळून बाई मरेल, एवढं तरी सुचायला हवं.

लग्नाच्या वयाचं अर्धं मान्य करावं लागतं. चर्चच्या नियमाने मुलीला बारा वर्षं पुरत. इंग्लंडातल्या मार्गारेट बोफर्टला १४५७ साली तेराव्या वर्षी मूल झालं, तोच पुढे तिथला राजा सातवा हेन्री. पण हे बड्या घराण्यांचं. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहराच्या १४२७च्या करनोंदींत मुली साधारण अठराव्या वर्षी लग्न करताना दिसतात.

आणि खिडकीतली बाई? पास्टन घराण्याची पत्रं वाचा. पंधराव्या शतकातली, इंग्लंडातल्या नॉरफकची, खरीखुरी घरगुती पत्रं. नवरा लंडनला, इकडे घरावर शत्रू टपलेला. १४४८ साली मार्गारेट पास्टन त्याला कळवते, क्रॉसबो (आडवं धनुष्य) पाठवा, घर इतकं बुटकं आहे की आतून लांब धनुष्य चालवताच येत नाही. त्याच पत्रात एक पौंड बदाम, एक पौंड साखर आणि मुलांच्या झग्यांसाठी कापडही मागते.

प्रेमकथा हवी तर तीही याच घरात आहे. तिची मुलगी मार्जरी आणि घरचा कारभारी रिचर्ड कॉल यांनी गुपचूप एकमेकांना लग्नाचं वचन दिलं. चर्चच्या लेखी तेवढ्याने लग्न लागायचं. १४६९ साली नॉरिचच्या बिशपने तिची उलटतपासणी घेतली. आपण काय शब्द बोललो ते तिने सांगितलं, वर म्हणाली, एवढ्याने पक्कं होत नसेल तर इथून निघण्याआधी आणखी पक्कं करते. लग्न टिकलं, पण मार्गारेटने लेकीला घराचं दार बंद केलं.

हे सगळं भाचीला लिहून पाठवलंय. जिथून तो मेसेज आला त्याच ग्रुपवर तिने हे टाकावं, असंही सांगितलंय.