आमची नावं खोडणाऱ्यांनो

डोकं फिरलंय. आणि ते थंड होईपर्यंत मी थांबणार नाही. थंड झालेला माणूस "जाऊ दे" म्हणतो, आणि "जाऊ दे" म्हणणाऱ्यांच्या जिवावरच ही मंडळी मोठी झालीत.

बेलापूरला आमचं ऑफिस आहे. न्हावा-शेवा बंदरात येणाऱ्या कंटेनरचं कागदोपत्री काम आम्ही करतो. शिपिंग लाइन कंटेनर काही दिवस फुकट वापरू देते. ते दिवस संपले की रिकामा कंटेनर परत जमा होईपर्यंत रोजचा डिटेन्शन चार्ज लागतो. मग बिलं येतात आणि त्यांत गोंधळ असतो. फ्री डेज कमी धरलेले असतात, तारखा चुकलेल्या असतात, कंटेनर यार्डात जमा झाल्यावरही चार्ज चालूच असतो. ही बिलं आमच्याकडे मुकाट भरली जायची, कारण एकेक बिल उकरत बसायला वेळ कुणाकडे? आम्ही तिघांनी तो वेळ काढला. बिलं तपासायची शीट मी बांधली. कुठल्या लाइनच्या बिलात काय लपलेलं असतं ते आमच्या मॅडमनी शिकवलं. त्यांचं सगळं आयुष्य या धंद्यात गेलंय, नुसत्या बिलाच्या आकड्यावरून चूक कुठे असेल ते त्या सांगतात. आणि नाइटचा पोरगा रात्री यार्डात फोन करकरून गेट-इनच्या, म्हणजे कंटेनर यार्डात जमा झाल्याच्या, पावत्या गोळा करायचा. तो तर आमच्या पेरोलवरही नाही, थर्ड पार्टीचा आहे. चुकीची बिलं परत जायला लागली, पैसे वाचायला लागले.

आणि परवाच्या ऑनलाइन रिव्ह्यूत आमच्या साहेबांनी ती शीट स्क्रीनवर लावली. वर त्यांचं नाव, शेजारी त्यांचा फोटो. "मी ही प्रोसेस डिझाइन केली." मी! ज्या माणसाला त्या शीटमध्ये फिल्टर लावता येत नाही, तो म्हणतो मी डिझाइन केली. मी माइक चालू केला, म्हटलं, सर, यात मॅडम आणि... पुढे बोलूच दिलं नाही. होस्टने म्यूट केलं. नंतर केबिनमध्ये बोलावून मलाच सुनावलं, "टीम प्लेयर व्हायला शीक." अहो, टीमचीच नावं घेत होतो ना मी!

एवढ्यावर थांबले असते तरी मी हे लिहिलं नसतं. त्याच दुपारी पँट्रीत डबा खात मी मोबाइलवर रॉ, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईचा रेसलिंगचा शो, बघत होतो. रॉ आपल्याकडे मंगळवारी पहाटे लागतं. त्या वेळी मी कळव्याच्या घरून निघायच्या गडबडीत असतो, मग ठाण्याहून पनवेल लोकलमध्ये उभं राहायला जागा मिळाली तर थोडं, बाकीचं जेवताना. साहेब मागून आले, स्क्रीनवर नजर टाकली आणि चार माणसांत म्हणाले, "अजून हे बघतोस? लग्नाचं वय झालं तुझं. सगळं खोटं असतं रे ते." सगळे हसले.

खोटं? तुम्ही मला खोटं काय ते शिकवणार? त्याच सकाळी कुणाची शीट कुणाच्या नावावर लावलीत?

हे वाक्य मी शाळेपासून ऐकतोय आणि आता खरंच वीट आलाय. निकाल ठरलेला असतो हे आम्हाला तुमच्याआधी माहीत आहे. विन्स मॅकमहनच्या कंपनीने, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईने, १९८९ मध्ये न्यू जर्सीच्या सिनेटपुढे स्वतःहून सांगितलं की हा खेळ नाही, मनोरंजन आहे. सरकारी नियंत्रणातून सुटका हवी होती म्हणून सांगितलं, पण उघड सांगितलं. त्यानंतरही लोक बघतात, कारण कोण जिंकणार एवढंच बघायला कुणी बसलेलं नसतं. २८ जून १९९८ ला पिट्सबर्गमध्ये अंडरटेकर नावाच्या पहिलवानाने मिक फोली या दुसऱ्या पहिलवानाला पिंजऱ्याच्या छतावरून खाली फेकलं, सोळा फूट, थेट समालोचकांच्या टेबलावर. स्ट्रेचर आणलं, हा उठून पुन्हा वर चढला. मग छताची जाळी निखळली आणि तो आतल्या रिंगमध्ये आदळला. ते दुसरं पडणं कुणी ठरवलेलं नव्हतं. त्याचा दात तुटून नाकपुडीत अडकला होता. ठरलेल्या निकालासाठी हाडं मात्र खरीच मोडतात. याला खोटं म्हणणाऱ्याने एकदा खुर्चीवरून तरी खाली पडून बघावं.

आणि ठरवलेले निकाल बघायचेच असतील तर आमच्या अप्रेझलला या. रेटिंग आधीच वाटून झालेलं असतं. इतक्या टक्क्यांना वरचं, इतक्यांना मधलं, आणि कुणाला तरी खालचं द्यायचंच. मग आमच्याकडून सेल्फ अप्रेझलचा लांबलचक फॉर्म भरून घेतात, समोर बसवून "तुला स्वतःला काय वाटतं?" असं विचारतात, मान डोलावतात. रेसलिंगवाले निदान तिकीट काढलेल्या माणसाला मान देतात. ही माणसं समोरच्याच्या डोळ्यांत बघून नाटक करतात आणि वर त्याला "पारदर्शक प्रक्रिया" म्हणतात.

रेसलिंग मी आंधळेपणाने बघत नाही हेही सांगतो. तिथला अन्याय मला पाठ आहे, म्हणून तर ऑफिसातला लगेच दिसतो. ज्यांच्या अंगावर सगळा धंदा उभा आहे त्या पहिलवानांना कंपनी नोकर मानतच नाही, स्वतंत्र कंत्राटदार म्हणते. वर्षानुवर्षं बहुतेकांनी भाड्याची गाडी आणि हॉटेल स्वतःच्या खिशातून केलं. आमचा नाइटचा पोरगा यापेक्षा वेगळा कुठे आहे? काम आमचं करतो, पण मेडिक्लेम नाही. दिवाळीला सगळ्यांना बॉक्स वाटले, त्याला नाही. का, तर तो "आपला" नाही. रात्री दोन वाजता यार्डातल्या माणसाच्या शिव्या खाताना बरा आपला असतो!

१९८६ मध्ये जेसी व्हेंचुरा या पहिलवान-समालोचकाने लॉकर रूममध्ये युनियनचा विषय काढला. म्हणाला, रेसलमेनिया, कंपनीचा सगळ्यात मोठा शो, तोंडावर आहे, आपण एकत्र आलो तर त्यांना ऐकावं लागेल. ही गोष्ट मॅकमहनच्या कानावर गेली आणि विषय तिथेच मेला. कुणी सांगितलं? पुढे व्हेंचुराने रॉयल्टीसाठी खटला भरला तेव्हा ते नाव साक्षीत बाहेर आलं: हल्क होगन. सगळ्यात जास्त कमावणारा, सगळ्यात मोठा हिरो! माझ्या लहानपणी भिंतीवर होगनचं पोस्टर होतं. हे वाचल्यापासून मला ते पिवळं बनियन बघवत नाही. आमच्या मजल्यावरही असा एक आहे. चहाच्या टपरीवर आमच्यात उभा राहून साहेबांना शिव्या घालतो आणि आम्ही वर पोचायच्या आत सगळं केबिनमध्ये पोचलेलं असतं. व्हेंचुरा तो खटला जिंकला, हेही लक्षात ठेवा.

आणि बॅरी होरोविट्झ! हे नाव आमच्या ऑफिसात कुणालाही माहीत नसेल. तो जॉबर होता. म्हणजे मोठ्या पहिलवानाला मोठं दाखवण्यासाठी हरणारा. हे काम सोपं नाही. समोरच्याचा डाव झेलायचा, त्याला इजा होऊ द्यायची नाही, स्वतः आपटायचं आणि टाळ्या त्याला मिळू द्यायच्या. होरोविट्झ वर्षानुवर्षं हरला. रिंगमध्ये तो स्वतःच्या पाठीवर स्वतःच थाप मारायचा. त्याच्या जॅकेटवर मागे हाताचा पंजाच काढलेला होता. १९९५ मध्ये त्याला एकदाचं जिंकू दिलं तेव्हा समालोचकही ओरडले. लहानपणी मला तो विनोदी वाटायचा. आज मॅडमकडे बघितलं की त्याची आठवण येते आणि अजिबात हसू येत नाही. त्यांच्या हाताखाली शिकून गेलेली पोरं मॅनेजर झाली. यांना अजून रजेसाठी त्यातल्याच एकाची सही घ्यावी लागते.

"कॉमिक्स वाचून कुणाचं भलं झालंय?" हा साहेबांचा दुसरा आवडता प्रश्न. सांगतो काय झालंय ते. कॉमिक्समुळे मला पहिल्या पानावरची नावं वाचायची सवय लागली. लेखक कोण, पेन्सिल कुणाची, शाई कुणाची, रंग कुणाचे, अक्षरं कुणाची, शेवटी संपादक. फुग्यातली अक्षरं काढणाऱ्याचंही नाव असतं त्यात! बाबांनी जपून ठेवलेले मराठी इंद्रजाल कॉमिक्समधले वेताळ वाचून मी सुरुवात केली, मग ठाणे स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडून जुने बॅटमॅन उचलायला लागलो. प्रत्येक बॅटमॅनवर निर्माता म्हणून एकच नाव दिसायचं, बॉब केन. मोठा झाल्यावर कळलं की केनच्या पहिल्या चित्रातल्या बॅटमॅनला लाल कपडे आणि ताठ पंख होते, डोळ्यांवर नुसती पट्टी होती. झूल, कानांचा मुखवटा, काळोखे रंग हे बिल फिंगरने सुचवलं. ब्रूस वेन हे नाव त्याचं, गॉथम हे नाव त्याचं. १९३९ मधली पहिली गोष्टही त्यानेच लिहिली. केनने कंपनीशी करार असा केला की नाव फक्त त्याचं लागेल. फिंगर १९७४ मध्ये गेला. पैसा नाही, नाव नाही. केनने हळहळ व्यक्त केली ती १९८९ च्या आत्मचरित्रात, माणूस जाऊन पंधरा वर्षं झाल्यावर. आणि बॅटमॅनवर फिंगरचं नाव अधिकृतपणे लागायला २०१५ उजाडलं. तेसुद्धा त्याची नात आणि एक चिकट संशोधक मागे लागले म्हणून. अख्खं आयुष्य गेलं माणसाचं आणि हे आयत्या बिळावरचे नागोबा मुलाखती देत फिरले!

सुपरमॅनचं तर त्याहून वाईट. त्याला घडवणारे सीगल आणि शुस्टर, दोन तरुण पोरं. १९३८ मध्ये १३० डॉलरला सगळे हक्क लिहून दिले. कंपनी त्या एकट्या सुपरमॅनवर उभी राहिली. १९७५ साली सिनेमाची तयारी चालू असताना सीगल कारकुनी करत होता आणि शुस्टरची नजर जवळजवळ गेली होती. नील ॲडम्स, जेरी रॉबिन्सन अशा चित्रकारांनी वर्तमानपत्रांतून बोंबाबोंब केली तेव्हा कुठे कंपनी हलली. वर्षाला वीस हजार डॉलर पेन्शन आणि दोघांची नावं परत. नावांसाठी भांडावं लागलं हे वाचून मी तेव्हा रडलो होतो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. मार्व्हलच्या जॅक कर्बी या चित्रकाराला तर त्याने स्वतःच्या हाताने काढलेली मूळ पानं परत मिळवायला झगडावं लागलं.

हे फक्त अमेरिकेत होतं असं कुणी म्हणू नका. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीहून कुस्तीतलं ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पोलिस खात्यात आयुष्यभर नोकरी केली आणि शेवटी पेन्शनसाठी झगडले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर. आपल्या मातीतला माणूस, आणि आपणच हे केलं.

म्हणून मला कुणी सांगू नये की एका शीटसाठी एवढा राग कशाला. राग त्या शीटचा नाही. तीन माणसांची संध्याकाळ, जेवण, झोप त्या शीटमध्ये आहे आणि ती माणसं पुसून टाकायला एका माणसाला एक क्लिक पुरली. बढती त्याची होईल. मॅडम दोन वर्षांनी रिटायर होतील, त्यांच्या निरोपाला केक कापतील आणि त्यांनी इथे नेमकं काय केलं हे केक कापणाऱ्याला ठाऊक नसेल. पोराचं कॉन्ट्रॅक्ट मार्चला संपतं. रिन्यूअलच्या कागदावर त्याचं काम लिहिलंय "फोन कॉल्स".

शुक्रवारी पुन्हा रिव्ह्यू आहे आणि फाइल मलाच बनवायला सांगितलीय. बनवली. पहिल्याच पानावर चौकट टाकलीय. बिलांची तपासणी: मॅडमचं पूर्ण नाव. यार्डाचा पाठपुरावा आणि पावत्या: पोराचं पूर्ण नाव, आडनावासकट. शीट: मी. सगळ्यात खाली, सादरकर्ते म्हणून, साहेब. फाइल कुणी बदलली तर दिसावं म्हणून ती आज रात्रीच सगळ्या रिव्ह्यूवाल्यांना मेल करून टाकलीय, मॅडम आणि पोरगा दोघंही मेलमध्ये आहेत. आता ज्याला ती नावं खोडायची असतील त्याने सगळ्यांच्या देखत खोडावीत.