एअरडेल घरी आणताना कोणता विचार टाळावा

इंग्लंडमधल्या लीड्स-ब्रॅडफर्डच्या बाजूला नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या, गृहकर्जाचे हप्ते वेळेवर भरणाऱ्या आणि मागच्या अंगणात हौसेने मेथी-कोथिंबीर पेरणाऱ्या मराठी कुटुंबाला केव्हा ना केव्हा कुत्रा पाळावासा वाटतोच. अशा कुटुंबाने फार चिकित्सा न करता एअरडेल टेरियर आणावा, कारण तो तिथल्याच एअर नदीच्या खोऱ्यातला भूमिपुत्र आहे आणि भूमिपुत्रांना प्राधान्य देण्याबाबत आपली मते ठाम असतात.

एकोणिसाव्या शतकात एअर नदीच्या काठच्या कष्टकरी लोकांनी जुन्या टेरियरचा (बिळातली शिकार हुडकणाऱ्या कुत्र्याचा) ऑटरहाउंडशी, म्हणजे पाणमांजराच्या शिकारी कुत्र्याशी, संकर करून हा कुत्रा घडवला. पाण्यात शिरून पाणमांजराचा पाठलाग करणे, काठावरची बिळे हुडकून उंदीर धरणे आणि हे सर्व करताना मालकाच्या हुकुमासाठी खोळंबून न राहणे, अशी त्याची नेमणूक होती. १८८६ साली इंग्लंडच्या केनेल क्लबने त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. त्या मान्यतेमुळे त्याने खोदकाम बंद केले, असे मात्र दिसत नाही. तेव्हा मेथीचा वाफा कुठे असावा याचा निर्णय यापुढे त्याच्यावरच सोपवावा.

पिल्लाची निवड नेहमी छायाचित्रावरून करावी. छायाचित्रात वजन दिसत नाही, ही त्यातली मोठी सोय. पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी साधारण ५८ ते ६१ सेंटिमीटर उंच भरतो आणि वजनाने पंचवीस किलोच्या आसपास असतो. शिवाय पाहुणा आला की तो हे सगळे वजन दोन पायांवर उचलून पाहुण्याच्या छातीशी नेतो. सहा महिन्यांसाठी आलेल्या आईबाबांना ही बाब आधी सांगून त्यांच्या आनंदावर विरजण घालू नये. त्याला रोज दीड-दोन तास दमवावे लागते, हेही सांगू नये. बाबांना चालण्याची सवय आहेच, आणि डिसेंबरमध्ये चार वाजता पडणाऱ्या अंधाराची सवय होईलच.

‘याचे केस गळत नाहीत’ हे वाक्य ऐकताच चर्चा थांबवावी. पुढचे वाक्य असे असते की मेलेले राठ केस वर्षातून काही वेळा बोटांनी उपटून काढावे लागतात, या कामाला तासन्‌तास लागतात आणि ते करून देणारे कारागीर त्याचे दामही तसेच घेतात. यंत्राने भादरले तर काम झटपट होते, पण केस मऊ पडतात आणि रंग उतरतो. दाढीविषयी तर चकार शब्द काढू नये. पाणी पिऊन झाले की तो ती दाढी निथळत थेट दिवाणखान्यात येतो आणि ज्याने नुकतेच धुतलेले कपडे घातले असतील, त्याच्या मांडीवर विश्वासाने टेकवतो.

स्वयंपाकघराचे नियम बदलण्याचे कारण नाही. कांदा कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी नासवतो आणि बेदाणे त्याचे मूत्रपिंड निकामी करू शकतात, हे खरे. परंतु बेदाण्याचा रव्याचा लाडू ‘एकाने काय होतंय’ म्हणत टेबलाखालून सरकवणाऱ्या आजीला हे कोण सांगणार?

कोणी शंका घेतलीच, तर इतिहास पुढे करावा. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने एअरडेल निरोप पोचवण्यासाठी वापरले. अमेरिकेचे अध्यक्ष वॉरन हार्डिंग यांच्या लॅडी बॉय या एअरडेलला तर मंत्रिमंडळाच्या बैठकीत स्वतःची खुर्ची होती. (त्याला सांभाळायला व्हाइट हाउसचे नोकर होते, हा तपशील गाळावा.) मग तुमच्याकडे तर अख्खा सोफा आहे.

एवढे करूनही वर्ष-दीड वर्षात जमेनासे झाले, तर एकेका जातीच्या कुत्र्यांना नवे घर शोधून देणाऱ्या संस्था ब्रिटनमध्ये आहेत. कुत्रा सोडण्याचे कारण तेथे विचारतात. ‘स्वभावाने हट्टी’ असे लिहावे आणि सही कुटुंबप्रमुखाने करावी.