नोकरी हवीय? मग आधी कधी केलेली नसावी

तीन वर्षं घरी बसून असाल तर अभिनंदन! 1 ऑगस्ट 2025 पासून तुमचा भाव वधारलाय. पंतप्रधान विकसित भारत रोजगार योजनेत जादा माणूस घेतला की मालकाला महिन्याला 3,000 रुपयांपर्यंत मिळतात, तेही दोन वर्षं. तरतूद 99,446 कोटींची. तेव्हा शर्टाला इस्त्री करून ठेवा आणि पुढच्या सूचना पाळा.

वय 35 च्या वर जाऊ देऊ नका. राज्याची युवा कार्य प्रशिक्षण योजना तिथंच दार लावते.

एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड लॅमिनेट करा. देव्हाऱ्यात शोभतं.

पूर्वी नोकरी केली असेल, तर ते पाप लपवा. मी लपवलं नाही. गेल्या मंगळवारी एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये गेलो. काम स्टोअरचं, म्हणजे माझंच. एचआरचा पोरगा माझ्या भाच्याएवढा. "काका, गॅप कशामुळे?" म्हटलं, कंपनी बंद पडली. त्यानं कॅल्क्युलेटर पुढे ओढला. पगार 18,000. "कमी वाटतोय? सरकार 15,000 देतंय ना, ते धरा की त्यात!" म्हणजे द्यायचे सरकारनं आणि वळते करायचे यांनी, माझ्या पगारातून. बरं, याच योजनेतले ते पैसे एकदाच, तेही पहिल्यांदाच पीएफमध्ये येणाऱ्याला. माझा पीएफ 2009 पासून कापलेला. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, दाखवल्यावर त्यानं असं पाहिलं, जणू नवरा बिजवर निघाला! शिवाय ते 15,000 दोन हप्त्यांत. दुसरा वर्षानं, आर्थिक साक्षरतेचा अभ्यासक्रम केल्यावर. तीन वर्षं बिनपगारी घर चालवलंय, माझ्याकडे पाठवा म्हणावं शिकायला.

काल त्याचा मेसेज आला, "काका, ओळखीत कोणी फ्रेशर असेल तर सांगा."

आता उपरोध पुरे. योजनेच्या अटीत पन्नासच्या आत कामगार असतील तर दोन जादा घ्या, पन्नास किंवा त्यावर असतील तर पाच घ्या, एवढं नेमकं मोजता येतं ना? मग त्यातला एक तरी वर्षानुवर्षं घरी बसलेला असावा, हे लिहायला शाई संपली होती? आणि मालकलोकहो, 18,000 च्या माणसामागे महिना 2,000 मिळतात तुम्हाला, तरी पोरांच्या 15,000 वर डोळा? कंपनी मी बुडवली नव्हती. ज्याला तुम्ही गॅप म्हणता, त्यात रात्री मेडिकलच्या दुकानात बिलं फाडून पोरीची फी भरलीय मी. नोकरी द्यायची नसेल तर नका देऊ. पण मला काका म्हणू नका.